दुखणं अंगावर काढू नकोस

पोरी, डॉक्टरांनी तुला आमवात सांगितलाय, हे तुझ्या आईकडून कळलं. "हे म्हातारपणाचं दुखणं मला आत्ताच कसं?" असं विचारत होतीस म्हणे. अगं, हे म्हातारपणाचं दुखणं नव्हेच. वयाने गुडघे झिजतात तो संधिवात निराळा. आमवातात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर उलटते. तिशी-चाळिशीतही हा गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पटींनी जास्त. मी याच्याबरोबर बरीच वर्षं संसार केलाय, म्हणून चार गोष्टी तुझ्या कानावर घालते.

आधी डॉक्टर नीट गाठ. शस्त्रक्रियेची वेळ आली तर हाडांचे डॉक्टर हवेतच, पण आमवाताची औषधं बसवायला ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट लागतो, म्हणजे संधिवाताचा तज्ज्ञ. हे डॉक्टर फार नाहीत आणि बहुतेक मोठ्या शहरांतच बसतात. तालुक्याच्या गावाहून जायचं म्हणजे दिवस मोडतो, तरी जा. निदान आणि औषध त्यांच्याकडून ठरवून घे, मधल्या तपासण्या गावातल्या फॅमिली डॉक्टरांकडे कर. पण उशीर नको. पहिल्या काही महिन्यांत औषध लागू पडलं तर सांधे वाचतात; एकदा वाकडं झालेलं बोट कुठल्याही गोळीने सरळ होत नाही.

चांगला डॉक्टर कसा ओळखायचा? तो बोटांचा एकेक सांधा दाबून बघतो. सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात, हे विचारतो. रक्तातल्या नुसत्या आरए फॅक्टरवर निकाल देत नाही. कारण तो निगेटिव्ह येऊनही आमवात असू शकतो आणि पॉझिटिव्ह येऊनही नसू शकतो. औषधाचे त्रास आपणहून सांगतो. आणि मुलाचा विचार आहे का, हे विचारतो. त्याने नाही विचारलं तर तू संकोच न करता पहिल्याच भेटीत सांग. आमवातावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध गरोदरपणात चालत नाही; दिवस राहण्याआधी काही महिने ते डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावं लागतं.

आता त्याच गोळीबद्दल. मेथोट्रेक्सेट जुनं आणि त्यातल्या त्यात स्वस्त औषध, पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. कालनिर्णयवर दर रविवारी लाल गोल करून ठेव, गोळी घेतली की त्यावर फुली मार, आणि घरातल्या आणखी एकाला हे माहीत असू दे. तिच्या जोडीला दिलेली फॉलिक अॅसिडची गोळी कोणत्या दिवशी घ्यायची, तेही तिथेच लिही. रक्त आणि लिव्हरच्या तपासण्या वेळच्या वेळी कर. बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने काही बंद करू नकोस. बरं वाटतं ते औषध चालू असतं म्हणूनच.

एक साधी वही ठेव. सकाळी मूठ किती वाजता वळली, कुकरचं झाकण लावता आलं का, ब्लाउजचे हूक स्वतः लावले की कुणाला हाक मारावी लागली, एवढंच लिहीत जा. डॉक्टरांपुढे पाच मिनिटं मिळतात आणि तिथे आपण हमखास "ठीक आहे" म्हणून मोकळ्या होतो. वही खरं बोलते.

बिननावाच्या पुडीपासून लांब राहा. कुणीतरी सांगेलच, अमक्या गावाला एक जण औषध देतो, दोन दिवसांत गुण येतो. इतक्या झटपट गुण देणाऱ्या पुडीत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. घेत असशील तर एकदम सोडू नकोस, तेही धोक्याचं असतं. आधी डॉक्टरांना सांग. वैद्यांचं औषध घ्यायचं असेल तर तेही डॉक्टर आणि वैद्य दोघांना सांगूनच घे.

आणि सगळ्यात मोलाची गोष्ट, समदुःखी माणसं जोड. हे दुखणं वरून दिसत नाही. "काल तर चांगली हिंडत होतीस" हे वाक्य तुला घरातच ऐकावं लागेल. ज्यांनी ते ऐकलंय, त्या बायकांना तुला काही समजावून सांगावं लागत नाही. डॉक्टरांच्या दवाखान्यात रुग्णांचा गट आहे का, विचार. 12 ऑक्टोबरला जागतिक संधिवात दिन असतो, त्या सुमारास ठिकठिकाणी रुग्णमेळावे होतात, तिथे जा. गट नसेलच, तर बाकावर शेजारी बसलेल्या बाईशी बोल. दोघींचाही गट होतो. जिथे कुणी तेल-चूर्ण विकत नाही, एकमेकींच्या गोळ्या वापरून बघत नाही आणि नव्या बाईला आधी बोलू देतात, तो गट चांगला. एकदा नवऱ्याला आणि सासूबाईंनाही बरोबर ने. तुझ्या तोंडून जे पटत नाही, ते चार जणींकडून ऐकलं की पटतं.

बाईमाणूस दुखणं अंगावर काढतं आणि घर त्याला सोशिकपणा म्हणून डोक्यावर घेतं. आमवातात या सोशिकपणाची किंमत सांध्यांनी मोजावी लागते. म्हणून याच आठवड्यात तज्ज्ञांची वेळ घे, जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फायलीत लाव, आणि जाताना एकटी जाऊ नकोस.