धर्मग्रामाचा आठवडा

दिवस सूर्याच्या उदयास्ताने होतो, मास चंद्राच्या कलांनी मोजला जातो आणि वर्ष ऋतूंच्या फेऱ्याने पुरे होते. आठवड्यास मात्र निसर्गात असा उघड आधार नाही. सात दिवस सरले की पुन्हा पहिला दिवस आला, हे माणसांनीच ठरवावे लागते आणि माणसांनीच पाळावे लागते. खेड्याचा बाजार ठरल्या वारी भरतो, तो त्या वारी चार गावची माणसे तेथे येतात म्हणून. ती येईनाशी झाली की बाजार मोडतो. उपासनेचेही तसेच आहे. मुसलमान बांधव शुक्रवारी दुपारी मशिदीत जमतात, शिवभक्त सोमवारी औंढ्यास नागनाथाच्या दर्शनाला जातात, आणि ख्रिस्ती मंडळी रविवारी प्रार्थनेस एकत्र येतात. कॅथलिक धर्मग्रामाचा आठवडा कसा असतो, आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यात, जेथे ख्रिस्ती वस्ती अगदी विरळ आहे, तेथे तो कशाच्या बळावर टिकू शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

प्रथम ‘धर्मग्राम’ या शब्दाचा अर्थ पाहू. चर्चच्या इमारतीस धर्मग्राम समजण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः इ.स. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेतील ५१५ व्या कलमात धर्मग्रामाची जी व्याख्या दिली आहे, तीत दगडविटांचा उल्लेखही नाही. धर्मगुरूच्या हवाली केलेला श्रद्धावंतांचा स्थिर समुदाय, तोच धर्मग्राम होय. असे अनेक धर्मग्राम मिळून धर्मप्रांत होतो व त्यावर बिशप असतात. हिंगोली जिल्हा औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला. त्यातून १९५५ मध्ये अमरावतीचा व अमरावतीतून १९७७ मध्ये औरंगाबादचा निघाला. खुद्द हिंगोली जिल्हा तर परभणीपासून वेगळा झाला तो १९९९ मध्ये. तात्पर्य, येथील सरहद्दी नव्या आहेत. मंडळी त्यांहून जुनी आहे.

निजामाच्या राज्यात हिंगोली ही हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. मराठवाड्यात कॅथलिक धर्मगुरूंचे येणे-जाणे सुरू झाले, तेही बव्हंशी जालना व औरंगाबाद येथील छावण्यांच्या निमित्ताने. छावणीतील उपासना ही परदेशी शिपायांची व त्यांच्या कुटुंबांची होती. पलटण हलली की तीही हलावयाची. पुढे संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेचे फ्रेंच धर्मगुरू खेड्यांकडे वळले. त्यांपैकी गुरियन जाकिए यांचे नाव घोगरगावच्या परिसरात अद्यापि आदराने घेतले जाते. ज्यांना गावच्या देवळाची पायरी चढण्यास मज्जाव होता, अशी कुटुंबे प्रामुख्याने या मंडळीत आली. एका जाजमावर, एका रांगेत, कोणी कोणास न टाळता बसणे, ही गोष्ट आज आपणांस साधी वाटते. त्या पिढीस ती साधी नव्हती. रविवारचे महत्त्व समजून घेताना हे विसरता कामा नये.

रविवारी काय घडते? रोम येथील जस्टिन नावाच्या तत्त्वज्ञाने सुमारे इ.स. १५५ मध्ये सम्राटास लिहिलेल्या निवेदनात त्याचे वर्णन केले आहे. शहरातील व खेड्यांतील मंडळी एके ठिकाणी जमत. धर्मग्रंथाचे वाचन होई. प्रमुख उपदेश करी. सर्वजण उठून प्रार्थना करीत. भाकर व द्राक्षारस आणून त्यांवर उपकारस्तुती होई. मग सर्वांस वाटणी होई आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे त्यांचा भाग पोहोचविला जाई. ऐपतदार लोक स्वेच्छेने जे देत, त्यातून अनाथ, विधवा, रोगी, बंदिवान व परके यांची तरतूद होई. ज्या काळात ख्रिस्ती असणे हाच गुन्हा ठरत होता, त्या काळातील ही हकीकत आहे. रविवार ही सरकारी सुट्टी झाली ती कॉन्स्टंटाइन बादशहाच्या आज्ञेने, इ.स. ३२१ मध्ये. म्हणजे सुट्टी होती म्हणून लोक जमले नाहीत. लोक जमत होते, सुट्टी मागाहून आली.

आजची मिस्साही याच सांगाड्यावर उभी आहे. तिचे मुख्य भाग दोन: शब्दविधी व अर्पणविधी. शब्दविधीत पहिले वाचन बहुधा जुन्या करारातून, मग स्तोत्र, त्यानंतर प्रेषितांच्या पत्रांतून दुसरे वाचन आणि शेवटी शुभवर्तमान असा क्रम असतो. शुभवर्तमान सर्वजण उभे राहून ऐकतात. रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे आहे. एका वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक वाचला जातो. त्यामुळे ज्यास अक्षरओळख नाही, असा शेतमजूरही नेमाने येत राहिला तर तीन वर्षांत धर्मग्रंथाचा मोठा भाग कानांनी ऐकतो. प्रवचन, श्रद्धेचा उच्चार व गरजवंतांसाठी प्रार्थना झाल्यावर भाकर व द्राक्षारस वेदीवर नेतात, त्यांवर महान उपकारस्तुती होते आणि ख्रिस्तप्रसाद वाटला जातो. प्रमुख धर्मगुरूने रविवारची एक मिस्सा आपल्या सर्व लोकांसाठी अर्पण करावी, असे धर्मसंहितेचे बंधन आहे. उपस्थितांसाठी तशीच अनुपस्थितांसाठीही.

‘मिस्सा’ या शब्दाची व्युत्पत्ती येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. विधीच्या अखेरीस धर्मगुरू लोकांस निरोप देत, त्या लॅटिन वाक्यातील हा शब्द आहे. म्हणजे एवढ्या मोठ्या उपासनेस नाव पडले ते तिच्या निरोपावरून! यात मोठे मर्म आहे. रविवारी जमलेली मंडळी सहा दिवसांसाठी पाठविली जाते, आणि त्या सहा दिवसांत काय होते यावर रविवारची परीक्षा होते.

आठवड्याच्या इतर दिवसांनाही परंपरेने आपापले विशेष लाभले आहेत. सोमवारी मृतांचे स्मरण, मंगळवारी संत अंतोनीची भक्ती, गुरुवारी ख्रिस्तप्रसादापुढे आराधना, शुक्रवारी क्रूसाचे स्मरण व मांसत्याग अथवा तत्सम काही तप, शनिवारी पवित्र मारियेचे स्मरण, असा साधारण क्रम आहे. बुधवारी निरंतर साहाय्यमातेची नोव्हेना असते. मुंबईत माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये ती १९४८ च्या सप्टेंबरात सुरू झाली आणि आजही तेथे दर बुधवारी निरनिराळ्या धर्मांच्या लोकांची रीघ लागते. घरी संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना होते. तीत ख्रिस्ताच्या जीवनातील प्रसंगांचे मनन वारांप्रमाणे वाटून दिलेले आहे. आनंदाचे प्रसंग सोमवारी व शनिवारी, दुःखाचे मंगळवारी व शुक्रवारी, गौरवाचे बुधवारी व रविवारी. आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये घातलेले प्रकाशाचे प्रसंग गुरुवारी. भिंतीवर दिनदर्शिका नसली, तरी ज्या घरी ही प्रार्थना नेमाने चालते, त्या घरी आज कोणता वार हे सांगावे लागत नाही.

उपासनेच्या वर्षाचा शेतीच्या वर्षाशी कसा मेळ बसतो, तेही पाहण्यासारखे आहे. पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण मे किंवा जून महिन्यात येतो. त्यानंतर नोव्हेंबरअखेरपर्यंत ‘सामान्यकाळ’ चालतो व त्यात धर्मगुरूंच्या झग्याचा रंग हिरवा असतो. हे नियम दूर देशी ठरले. तथापि हिंगोलीच्या शिवारात सोयाबीन, कापूस व हळद यांची लावण जूनच्या पावसाबरोबर होते. वेदीवर हिरवा रंग आणि रानातही हिरवा रंग, असा योग येथे सहज जुळून येतो. परंतु पेरणी रविवार पाहत नाही. वाफसा आला की तिफण जुंपावी लागते. धर्मसंहिता रविवारी उपासनेस बाधा आणणारे काम टाळावयास सांगते, पण कुटुंबाची निकड ती जाणते. शनिवारी सायंकाळच्या मिस्सेनेही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, ही सवलत खेड्यात विशेष उपयोगी पडते.

याहून कठीण प्रश्न स्थलांतराचा आहे. दसरा-दिवाळी उरकली की मराठवाड्यातील कित्येक कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस जातात. नाताळ त्यांना कारखान्याजवळच्या कोपीत गाठतो. प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवसही बहुधा तेथेच सुरू होतात, आणि क्रूसाच्या वाटेची प्रार्थना गावात उरलेल्या म्हाताऱ्या माणसांवर येऊन पडते. धर्मग्राम म्हणजे इमारत असती, तर तो कुलूप लावून जागेवर राहिला असता. तो समुदाय असल्यामुळे अर्धा कोपीत व अर्धा गावात असा विभागतो. अशा वेळी त्याचा आठवडा कोणी राखावयाचा?

या प्रश्नाचे उत्तर धर्मसंहितेच्या १२४८ व्या कलमात सापडते. धर्मगुरू नसल्यामुळे मिस्सा होणे अशक्य असेल, तेथे लोकांनी शब्दविधीसाठी जमावे, किंवा एकेकट्याने, कुटुंबाने अथवा काही कुटुंबांनी मिळून योग्य वेळ प्रार्थनेत घालवावा, अशी आग्रहाची शिफारस तेथे केली आहे. १९८८ मध्ये रोमहून अशा रविवारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिकाही निघाली. एका धर्मगुरूकडे अनेक गावे असतात. तो एका रविवारी सर्वत्र पोहोचू शकत नाही. तो नसेल तेथे गावातील धर्मशिक्षक, एखादी शिकलेली सून किंवा शाळेत जाणारा मुलगा वाचन करतो. अंगणात सतरंजी अंथरावी, क्रूसापुढे दिवा लावावा, पेटी व ढोलकी असल्यास उत्तम, नसल्यास टाळ्यांवर भजन म्हणावे, शुभवर्तमान वाचावे, आजाऱ्याचे नाव घेऊन प्रार्थना करावी आणि उठताना त्या आजाऱ्याच्या घरी कोण जाणार हे ठरवावे. एवढ्याने मिस्सेची उणीव भरून येत नाही, हे खरे. तथापि एवढेही जेथे होत नाही, तेथे महिन्याने धर्मगुरू येतो तेव्हा त्यास मंडळी भेटत नाही, सुटी माणसे भेटतात.

हे वाचन लोकांच्या भाषेत असणे किती अगत्याचे आहे, हे सांगावयास नकोच. इंग्रज धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले आणि त्यांनी रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. नुकत्याच ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराणश्रवणाची सवय होती. ती मोडून टाकण्याऐवजी त्यांनी ओवीतच ख्रिस्तचरित्र सांगितले, आणि रविवारी व सणावारी चर्चमध्ये ते वाचले जाऊ लागले. मिस्सा मात्र पुढेही साडेतीनशे वर्षे लॅटिनमध्येच राहिली. वेदीवर लॅटिन चाले आणि लोक मराठीत जपमाळ म्हणत अथवा गीते गात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेस वाट मोकळी केली; १९६९ मध्ये भारतीय उपासनेसाठी मांडी घालून बसणे, हात जोडून नमस्कार, आरती इत्यादी बारा गोष्टींना रोमची मान्यता मिळाली. नर्सी येथे संत नामदेवांचा जन्म झाला असे परंपरा सांगते. त्या नर्सीच्या जिल्ह्यात टाळांवर देवाचे नाव घेणे कोणास परके वाटेल? सप्टेंबरात श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावी मतमाउलीच्या यात्रेस लोटणाऱ्या भाविकांकडे पाहिले, म्हणजे भक्तीची ही रीत किती खोल रुजली आहे ते कळते.

आता आमच्या विद्यार्थी वाचकांस एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करू. मोठ्या शहरातील चर्चमध्ये आपण एका रविवारी गेलो नाही, तर बाक भरलेलेच दिसतात. दहा घरांच्या वस्तीत तसे नसते. तेथे वाचणारा एकच असतो आणि तो आला नाही, तर त्या दिवशी वाचन होत नाही. सुट्टीत आपल्या गावी जाल, तेव्हा कोणी बोलावण्याची वाट न पाहता पुस्तक हाती घ्या, रविवारचा पाठ आदल्या दिवशी दोनदा वाचून ठेवा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो सावकाश, स्पष्ट शब्दांत ऐकवा. ज्यांचा धर्म निराळा आहे, त्यांनाही आपापल्या वस्तीत असेच काही करता येईल. आठवडा सूर्यचंद्र राखीत नाहीत. तो तुम्हांआम्हांसच राखावा लागतो.