विडीच्या तंबाखूचा स्वाद व जळण्याचा गुण

गोंदियाच्या बाजारास जातां-येतां आमच्या फुलचूरच्या शेतकरी बंधूंच्या मनांत एक प्रश्न वारंवार येतो. विड्या आपल्या जिल्ह्यांत वळल्या जातात, तेंदूचीं पानें आपल्या रानांत होतात. मग आंत भरावयाची तंबाखू मात्र निपाणीकडून व गुजराथेंतून कां यावी? ती आपल्याच बांधींत कां लावूं नये? या प्रश्नाचें उत्तर विडीच्या स्वादांत आहे. म्हणून प्रथम त्याचाच विचार करूं.

विडींत एकाच प्रकारची तंबाखू क्वचितच असते. केवळ कडक तंबाखू भरली तर ठसका लागतो, केवळ सौम्य भरली तर विडी फिकी लागते. यास्तव कारखानदार मिश्रण करितात. गुजराथच्या चरोतर भागांतील तंबाखूची ख्याति कडकपणाबद्दल, तर निपाणीच्या काळ्या जमिनींतील तंबाखूची वासाबद्दल आहे. पाईपांत ओढावयाच्या विलायती मिश्रणांतहि हेंच तत्त्व असतें. तेथें व्हर्जिनियाची गोडी असते व लाकडाच्या धुरावर धरलेल्या लताकियाचा धुरकट वास असतो. व्हर्जिनियाचें पान भट्टीच्या उष्णतेनें लवकर वाळतें, त्यामुळें त्यांत साखर टिकते. विडीचें पान उन्हांत सावकाश वाळतें, साखर फारशी उरत नाहीं आणि धूर घशास अधिक झोंबतो.

कडकपणा निकोटिन या द्रव्यामुळें येतो. हें द्रव्य मुळांत तयार होऊन पानांत चढतें. झाडाचा शेंडा खुडला व बगलेंतील फूट वेळच्या वेळीं काढली, म्हणजे फुलांकडे व फुटव्यांकडे जाणारें सत्त्व राहिलेल्या पानांस मिळतें. पान जाड, चिकट व कडक होतें. खुडणी चुकली तर पान पातळ व बेचव राहतें.

परंतु पान कितीहि कडक असलें तरी तें नीट जळलें नाहीं तर व्यर्थ होय. जळण्याचा गुण मुख्यतः पोटॅश व क्लोरीन यांवर अवलंबून असतो. पोटॅशनें विस्तव पानांत सरत जातो व राख पांढुरकी पडते. क्लोरीन वाढलें कीं पान ओलावा धरतें आणि विस्तव विझतो. म्हणून खारट विहिरीचें पाणी किंवा म्युरिएट ऑफ पोटॅश हें खत धूम्रपानाच्या तंबाखूस वर्ज्य समजावें. त्या खतांत शेंकडा सुमारें ४७ भाग क्लोरीनच असतें. त्या ठिकाणीं सल्फेट ऑफ पोटॅश वापरावें.

ही गोष्ट आम्हीं नुकसान सोसून शिकलों. एके वर्षीं हौसेनें चार गुंठ्यांत तंबाखू लावली आणि स्वस्त पडतें म्हणून म्युरिएटच घातलें. पानें रुंद व देखणीं आलीं. खरेदीदारानें एका वाळलेल्या पानास निखारा टेकविला. विस्तव बोटभरहि न सरतां विझला, राख काळी राहिली, आणि गृहस्थ भाव न सांगतांच उठले. ही परीक्षा आम्हींच आधीं घरीं केली असती, तर निदान वाहतुकीचा खर्च तरी वांचला असता.

वाळल्यानंतर पान ढिगांत घालून मुरविणें अवश्य आहे. ढीग आंतून तापतो, उग्र अमोनियाचा वास निघून जातो व स्वाद उतरतो. ढीग वेळोवेळीं उलटला नाहीं तर पान करपतें. फार ओलें ठेवलें तर बुरशी येते.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आमच्या बांधी पाणी धरण्यासाठींच बांधलेल्या आहेत, आणि तंबाखूच्या मुळांस सांचलेलें पाणी मुळींच सोसत नाहीं. निचऱ्याच्या जमिनींत, सरत्या पावसाच्या ओलीवर व पुढें कोरड्या हवेंत पिकणारें हें पीक आहे. यास्तव धानाची बांधी मोडून तंबाखूच्या मागें लागूं नये, असें आमचें मत आहे. ज्यास प्रयोगच करावयाचा असेल त्यानें उंचवट्याच्या एक-दोन गुंठ्यांवर करावा, पाण्याची परीक्षा करवून घ्यावी, आणि निखाऱ्याची कसोटी उतरल्याविना अधिक लावणी करूं नये.

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. येथें स्वादाचें विवेचन केलें, व्यसनाची शिफारस नव्हे. विडी सिगारेटहून निरुपद्रवी आहे हा समज खोटा आहे. तेंदूच्या पानांतून हवा फारशी खेळत नाहीं. विडी विझूं नये म्हणून झुरके वारंवार घ्यावे लागतात, आणि तिच्या धुरानें मुखाचा, घशाचा व फुप्फुसांचा कर्करोग होतो. पिकाचे गुण ओळखणें हें शेतकऱ्याचें ज्ञान होय. परंतु तो धूर आपल्या घरांत न येऊं देणें हें त्याहून मोठें शहाणपण होय.