नजरबंदी : तीन करवंट्या आणि चिंधीचा गोळा



वाट्या-गोळ्यांचा खेळ तुम्ही पाहिला असेलच. खेळ करणारा उकिडवा बसतो, तीन लाकडी वाट्या पालथ्या घालतो, चिंधीचा गोळा या वाटीखालून त्या वाटीखाली ‘पाठवतो’ आणि शेवटी वाट्यांखालून चक्क लिंबे काढून दाखवतो. हा खेळ फार जुना आहे. पहिल्या शतकातील रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने आपल्या एका पत्रात पेले आणि खडे यांच्या अशाच खेळाचा उल्लेख केला आहे. आपल्याकडे ही विद्या गुरूकडून शिष्याकडे, बापाकडून मुलाकडे जात असे. आता मंडणगडच्या एखाद्या वाडीत बसूनही, रेंज मिळाली तर, हा खेळ शिकवणारी चित्रफीत मोबाइलवर पाहता येते. पाहणाऱ्याला अर्ध्या तासात सारे रहस्य कळते. खेळ मात्र येत नाही! हे असे का होते, ते आज पाहू.

अशा खेळाला आपले लोक ‘नजरबंदी’ म्हणतात. खेळ करणाऱ्याचा हात डोळ्यापेक्षा चपळ असतो, म्हणून आपल्याला दिसत नाही, असाही एक समज आहे. समज कशाला, मोजूनच पाहू. मोबाइलचा कॅमेरा साधारणपणे सेकंदाला ३० चित्रे, म्हणजे फ्रेम घेतो. चित्रफीत एकेक फ्रेम पुढे सरकवून उजव्या हातातला गोळा डाव्या हातात ‘ठेवण्याच्या’ क्रियेला किती फ्रेम लागतात, ते मोजा. समजा १८ लागल्या. म्हणजे वेळ झाला १८ भागिले ३०, अर्थात ०.६ सेकंद. तेवढ्यात हात ३० सेंमी सरकला असेल, तर त्याची सरासरी गती सेकंदाला ५० सेंमी झाली. ताशी १२० किलोमीटर वेगाने येणारा क्रिकेटचा चेंडू सेकंदाला सुमारे ३३ मीटर कापतो, आणि फलंदाज तो पाहून टोलवतो! तेव्हा हाताच्या चपळाईची गोष्ट खरी नव्हे.

या प्रकारची तपासणी सव्वाशे वर्षांपूर्वीच झाली होती. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने या मानसशास्त्रज्ञाने (बुद्धिमापन चाचणीमुळे पुढे ज्याचे नाव झाले, तोच हा) जादूगारांच्या हातांची लागोपाठ छायाचित्रे घेतली आणि १८९४ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. ल्युमिए बंधूंचा सिनेमा तेव्हा यायचा होता. त्या छायाचित्रांत फसवणूक शिल्लकच राहिली नाही. वस्तू मूळ हातातच असल्याचे स्पष्ट दिसत होते. प्रकाश तर सारे काही डोळ्यापर्यंत आणून पोहोचवतो. मग गडबड होते कोठे?

पहिले कारण डोळ्याच्या रचनेत आहे. दृष्टिपटलावर पीतबिंदूच्या मध्यभागी एक लहानशी खळगी असते. सर्वांत रेखीव दृष्टी तेवढ्याच भागाची, आणि तिची व्याप्ती जेमतेम २ अंशांची. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. ते नख साधारण तेवढीच जागा व्यापते. आता प्रेक्षक २ मीटरवर बसला आहे असे धरा. २ अंश म्हणजे ०.०३५ रेडियन, २०० सेंमीला ०.०३५ ने गुणले की येतात ७ सेंमी. म्हणजे जवळजवळ एक मूठ! प्रेक्षकाची नजर डाव्या मुठीवर असेल, तर ३० सेंमीवरचा उजवा हात त्याला दिसतो खरा, पण पुसट. हेच तुम्ही पुस्तकावर करून पाहा. ओळीच्या मधल्या एका शब्दावर दृष्टी खिळवा आणि त्याच ओळीचा शेवटचा शब्द न बघता वाचायचा प्रयत्न करा. गंमत वाटेल.

दुसरे कारण डोळ्यामागे, मेंदूत आहे, आणि मला तेच अधिक महत्त्वाचे वाटते. गुस्ताव कून आणि मायकेल लँड यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जादूगाराने चेंडू दोनदा खरोखर वर उडवला आणि तिसऱ्यांदा नुसता हात हलवला; चेंडू हातातच. डोके आणि नजर वर गेली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश प्रेक्षकांना न उडालेला चेंडू वर जाताना ‘दिसला’. नजर हाताकडेच ठेवली, तेव्हा तसे म्हणणारे सुमारे एक तृतीयांशच राहिले. फरक नुसत्या नजरेचा! माणूस जिकडे पाहतो तिकडे आपण पाहतो, आणि जे घडणार अशी अपेक्षा असते त्याचे चित्र मेंदू आधीच रंगवून ठेवतो. नजरबंदी होते ती अशी, आणि तिला आपण स्वतःच हातभार लावतो.

आता प्रत्यक्ष कृती. चिंधीचा बोराएवढा घट्ट गोळा करा. (सुपारी घेऊ नका, ती घरंगळते आणि तिचा आवाज होतो.) वाट्यांऐवजी घासून गुळगुळीत केलेल्या तीन करवंट्या चालतील. स्टीलचे पेले नकोत, कारण चकचकीत पृष्ठभागावर लपवलेल्या गोळ्याचे प्रतिबिंब पडते. गोळा उजव्या हाताच्या मधल्या बोटांच्या मुळाशी ठेवा. तो डाव्या तळहातात ठेवल्यासारखे करा, डावी मूठ मिटा आणि उजवा हात सैल सोडून खाली येऊ द्या. गोळा बोटांच्या मुळाशीच राहिला. नजर डाव्या मुठीबरोबर जायला हवी. मूठ लगेच उघडू नका. दोन वाक्ये बोला, मग उघडा. मधल्या वेळात प्रेक्षक ठेवण्याचा क्षण विसरतो.

एवढ्याशा या कृतीने माणसे फसतात, तीही नेहमी गमतीने नव्हे. पोटदुखीच्या रोग्याच्या पोटावर हात फिरवून ‘करणीचे खडे’ काढून दाखवणारा भोंदू हीच युक्ती करतो. तेच दुखणे आंत्रपुच्छाचे असेल तर? मंडणगडाहून रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय काही जवळ नाही. अशा वेळी वाया गेलेला एक दिवसही महाग पडतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते असे ‘चमत्कार’ शाळांतून करून दाखवतात आणि त्यांतली हातचलाखी उलगडतात, ती याचसाठी. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदाही झाला.

चित्रफितीवरून शिकताना दोन गोष्टी सांभाळा. शिकवणारा तुमच्याकडे तोंड करून बसलेला असतो, म्हणून त्याचा उजवा हात तुमच्या डावीकडे दिसतो. आरशासारखी नक्कल केलीत, तर सारे उलट्या हातांनी शिकाल. आणि कॅमेरा एकाच जागी असतो, तर प्रेक्षक अर्धवर्तुळात बसतात. समोरून झाकलेला गोळा बाजूने उघडा दिसू शकतो. तेव्हा एका मित्राला समोर आणि दुसऱ्याला ६० अंशांच्या कोनात बसवा.

चित्रफीत फक्त पाहू नका, स्वतःची काढा. अंगणात, चांगल्या उजेडात काढा; उजेड कमी असेल तर कॅमेऱ्याला प्रत्येक फ्रेमसाठी अधिक वेळ प्रकाश घ्यावा लागतो. फ्रेमचा पूर्ण वेळ त्यात गेला, तर सेकंदाला ५० सेंमी गतीचा हात तेवढ्यात १.७ सेंमी सरकून पुसट दिसेल. सोय असेल तर २४० फ्रेमचे मंदगती चित्रण करा. तेव्हा हे सरकणे फार तर २ मिलिमीटर राहील. आधी गोळा दहा वेळा खरोखरच डाव्या हातात ठेवा आणि फ्रेम मोजा. मग दहा वेळा खोटा ठेवा आणि मोजा. घाईमुळे खोट्या वेळी फ्रेम कमी भरण्याचा संभव अधिक. शिवाय खऱ्या वेळी रिकामा झालेला उजवा हात कसा सैल पडतो आणि खोट्या वेळी अंगठा कसा ताठ राहतो, तेही शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्ही सरासऱ्या जुळल्या, अंगठाही सैल पडला, की मग करवंट्या काढा.