हिसकाहिसकीवर शिक्षा हा उपाय आहे का?

एका बालवाडीताईंनी विचारलं आहे: तीन वर्षांची मुलं खेळणी हिसकावतात, मारतात, शिक्षा करावी का?

नको. या वयात वाट पाहणं अजून शिकायचंच असतं. आधी खोली नीट पाहावी: खेळणी मुलांच्या हाताशी आणि पुरेशी आहेत का? बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमला सुरू केलेल्या बालगृहात साहित्य आधी कुलूपबंद असे. मुलं ते आपलं आपण निवडतात, हे दिसल्यावर त्यांनी मुलांच्या उंचीची उघडी कपाटं आणली. आणि पुरेशा साहित्यासाठी खर्च लागतोच असं नाही: बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी या गावात शिंपले, बिया, खडे यांतून साहित्य उभं केलं. पैशांअभावी काही अडत नाही, याचा हा भक्कम पुरावा!

आवडत्या खेळण्याचे दोन-तीन नग ठेवावेत. मार बसलेल्याला आधी जवळ घ्यावं, मारणाऱ्याचा हात हळूच धरून म्हणावं, "मारायचं नाही. 'मला दे' असं सांग."