प्राथमिक शाळेतील गणित आणि दशकाची मोळी

मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की आपण बहुधा दहावी-बारावीच्या निकालाविषयी बोलतो. नववीत गणितात गुण कमी पडले म्हणजे घरोघर क्लास लावण्याची धडपड सुरू होते. परंतु पाटस येथे संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेताना आम्हांस असे दिसून आले की, ज्या मुलाचे गणित आठवी-नववीत अडते, त्याचे ते पुष्कळदा दुसरीतच अडलेले असते. ते नेमके कोठे अडते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

दुसरीतील एका मुलास आम्ही 'एकावन्न' लिहावयास सांगितले. त्याने १५ लिहिले. मग 'त्रेपन्न' सांगितले, तर ३५ लिहिले. हाच मुलगा एक ते शंभर अंक न अडखळता म्हणत असे आणि घरच्यांना त्याचे कौतुकही होते. वास्तविक त्याने जे ऐकले तेच लिहिले होते. 'एकावन्न' म्हणताना तोंडातून आधी एक निघतो व मग पन्नास. लिहिताना मात्र आधी ५ आणि मग १. त्यातही पन्नासचा उच्चार कधी 'वन्न' तर कधी 'पन्न' असा बदलतो. 'एकोणऐंशी'ची तर वेगळीच कथा. नाव ऐंशीचे आणि दशक सातच! तेथे मुले सर्रास ८९ लिहितात. शेजारच्या कानडीत एकवीसला 'इप्पत्तोंदु' म्हणतात, म्हणजे आधी वीस व मग एक. बोलण्याचा व लिहिण्याचा क्रम तेथे एकच राहतो.

या अडचणीवर २०१९ साली महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता, तो अनेकांना आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसपासून नव्याण्णवपर्यंतच्या संख्या 'वीस एक', 'पन्नास एक' अशाही वाचण्याची पद्धत देण्यात आली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचे म्हणणे असे की, जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुले गणिताला भितात. त्यावर विधिमंडळापर्यंत टीका झाली, थट्टाही झाली. जुनी नावे पुस्तकातून गेली नव्हती, दोन्ही रीती दिल्या होत्या, हे त्या गदारोळात फारसे कोणी पाहिले नाही. आमचे मत विचाराल तर जुनी नावे मुलाला आलीच पाहिजेत, कारण एस.टी.चा कंडक्टर आणि किराणा दुकानदार 'पन्नास एक' म्हणणार नाहीत. पण समितीने ज्या दुखण्यावर बोट ठेवले ते दुखणे खरे होते. 'पन्नास एक' हे त्यावरचे अर्धे औषध, एवढेच. मुलाला पन्नास म्हणजे पाच दशक हे हाताने कळले नसेल, तर नाव कोणतेही घ्या, ते पाठांतरच राहते.

हाताने कळण्यासाठी आपल्या भागात साहित्य शोधावे लागत नाही. भीमा सहकारी साखर कारखान्याच्या या परिसरात ऊसाची मोळी कोणत्या मुलाने पाहिली नाही? कडब्याच्या पेंढ्या शेकड्यावर विकल्या जातात हेही त्याला ठाऊक असते. आम्ही ज्वारीच्या धाटाचे बोटभर तुकडे केले आणि दहा-दहा तुकडे मोजून दोऱ्याने बांधावयास लावले. मोळी मुलाने स्वतः बांधली पाहिजे. गुरुजींनी आयत्या बांधून दिल्या तर उपयोग होत नाही, हे आम्ही आमच्याच चुकीतून शिकलो. दहा सुटे मिळून 'एक' होतो, ही गोष्ट बांधताना कळते.

याचा खरा उपयोग वजाबाकीत होतो. ५२ मधून २७ वजा करा म्हटले की अनेक मुले उत्तर ३५ लिहितात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन वजा करून मोकळी होतात. 'शेजारून हातचा घे' असे शंभर वेळा सांगूनही ही चूक जात नाही. समोर पाच मोळ्या व दोन सुट्या काड्या ठेवल्या की मूल स्वतःच म्हणते, 'एक मोळी सोडू का?' मोळी सोडली की चार मोळ्या आणि बारा सुट्या. बारातून सात गेले, पाच उरले. चारातून दोन मोळ्या गेल्या, दोन उरल्या. उत्तर २५. हातचा म्हणजे सोडलेली मोळी, एवढेच ते रहस्य.

येथे एका परदेशातील पाहणीची आठवण होते. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांच्या हिशेबाचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. एका मुलाला ३५ च्या भावाने दहा नारळांची किंमत विचारली. त्याने तिनाचे १०५ धरले, ते तीनदा मिळवून ३१५ केले आणि वर एकाचे ३५ घालून ३५० सांगितले. हीच मुले कागदावरच्या तसल्याच गणितात वारंवार चुकत. आईबरोबर आठवडे बाजारात भाजीच्या पाटीपाशी बसणारी आपली मुलेही सुटे पैसे बिनचूक परत देतात आणि वर्गात 'ढ' ठरतात. बाजारातला हिशेब वर्गात कोणी विचारतच नाही!

पाठांतराला आमचा विरोध नाही. सात चोक अठ्ठावीस तोंडावर असलेच पाहिजे. आपल्याकडे एके काळी पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत, कारण १९५७ पूर्वी रुपयाचे सोळा आणे होते आणि व्यवहार पाव, निम्मे, पाऊण असाच चाले. ते पाढे कामाचे होते म्हणून टिकले. पण ज्यांच्या घरी वही-खतावणी नव्हती त्यांच्यापर्यंत हिशेब पोहोचलाच नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात प्राथमिक शाळेत मोडी व बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब शिकवण्याची मागणी केली, ती उगाच नव्हे. सावकाराच्या वहीतला आकडा वाचता न येता खाली अंगठा उमटवणारे आपलेच आजे-पणजे होते.

पालकांना आमची विनंती एवढीच की, 'शंभरपर्यंत येते का?' असे मुलाला विचारू नये. 'सत्तेचाळीस काड्यांच्या मोळ्या किती आणि सुट्या किती?' असे विचारावे. ज्या आई-वडिलांना शाळेची पायरी चढता आली नाही, त्यांनाही हा प्रश्न विचारता येतो आणि उत्तर बरोबर आहे की नाही हे डोळ्यांनी पाहता येते.

मागे एकावन्नचे पंधरा लिहिणाऱ्या त्या मुलाने परवा नऊ मोळ्या व नऊ सुट्या काड्या मांडल्या आणि विचारले, "एकोणऐंशी, एकोणनव्वद, मग हे एकोणशंभर का नाही?" आम्ही त्याला म्हणालो, "तू म्हणतोस ते बरोबर आहे, पण लोक नव्याण्णव म्हणतात." मग त्याने आणखी एक काडी मागून घेतली आणि दहावी मोळी बांधली.