पुरानंतरचें सरकारी वर्तमान व कास्तकाराचें कर्तव्य

पूर ओसरल्यावर गांवांत दोन गोष्टींची टंचाई एकदम भासूं लागते. एक प्यावयाच्या पाण्याची व दुसरी खऱ्या बातमीची. पहिलीविषयीं सगळेच बोलतात. दुसरीचा विचार फारसा होत नाहीं. वास्तविक पूल केव्हां खुला होणार, विहिरीचें पाणी प्यावें कीं नाहीं, पंचनाम्यास कोण व कधीं येणार, यादींत आपलें नांव आहे कीं नाहीं, हें ज्यास वेळेवर कळलें तो अर्धा सावरला असें समजावें. ज्यास कळलें नाहीं त्याचें नुकसान पाण्यानें केलें त्याहूनही वाढतें. म्हणून पुरानंतरचें सरकारी वर्तमान कसें ऐकावें, कसें पारखावें व त्यावरून काय करावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नांदगांव खंडेश्वर तालुका हा कांहीं महानदीच्या कांठचा मुलूख नव्हे. बेंबळेसारखी नदी व गांवोगांवचे नाले एवढाच येथील जलप्रवाह. परंतु म्हणूनच येथील पूर फसवा असतो. मोठ्या नदीचें पाणी चढतांना दिसतें. नाल्याचें पाणी वरच्या शिवारांत जोराचा पाऊस झाला कीं घटकाभरांत येतें, धुरे फोडतें व निघून जातें. त्यांत जमीन काळी व भारी. पाणी लवकर मुरत नाहीं. सोयाबीन, तूर व कपाशी यांचीं मुळें गुदमरतात, आणि नाल्याकांठचें वावर खरडून जातें. असा पूर दुसऱ्या दिवशीं दिसेनासा होतो. मागें राहतें तें फक्त नुकसान, व तें सिद्ध करण्याची जबाबदारी.

बातमी दारापर्यंत गेली पाहिजे

वऱ्हाडाच्या लोकांस मोवाडची आठवण नवी नाहीं. वरूड तालुक्यालगत, वर्धा नदीच्या कांठीं असलेलें हें नागपूर जिल्ह्यांतील गांव. ३० जुलै १९९१ रोजीं नदीच्या महापुरांत तेथील २०४ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या काळीं खेड्यांत दूरध्वनि विरळा होता. आज घरोघरीं भ्रमणध्वनि आहे. मग आतां भय उरलें नाहीं, असें कोणी म्हणेल. त्यानें जर्मनीसारख्या यंत्रसंपन्न देशाचें उदाहरण पाहावें. जुलै २०२१ च्या मध्यास तेथील आर नदीच्या खोऱ्यांत पूर आला. अतिवृष्टीचा अंदाज आधींच वर्तविलेला होता. तरी घरें सोडा असा स्पष्ट इशारा लोकांपर्यंत फार उशिरां गेला, व त्या एका खोऱ्यांत १३० हून अधिक माणसें दगावलीं. यावरून इतकेंच शिकावयाचें कीं, बातमी कचेरींत पोहोंचणें निराळें व दारापर्यंत पोहोंचणें निराळें. मधला रस्ता माणसांनींच चालावा लागतो.

हा रस्ता कायद्यानें आंखून दिलेला आहे. २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्यान्वयें प्रत्येक जिल्ह्यास एक प्राधिकरण असून जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ व राज्याचा १०७० हा आहे. त्याखालीं तहसील कचेरी व त्याखालीं गांव. गांवांत ज्यास आपण अजून पटवारी म्हणतों तो तलाठी, म्हणजे नव्या नांवाचा ग्राम महसूल अधिकारी, ग्रामसेवक, म्हणजे आतांचा ग्रामपंचायत अधिकारी, कृषी सहायक, पोलीस पाटील व कोतवाल. वर्तमान खालीं येण्याचा व गांवची हकीकत वर जाण्याचा मार्ग हाच होय. नांदगांव शहरापुरतें हें काम नगरपंचायतीकडेही येतें.

चांगल्या सूचनेचीं पांच अंगें

आतां सूचना पारखावी कशी, तें पाहूं. सूचना तोंडी असो, फलकावर असो, वा भ्रमणध्वनीवर आलेली असो, तिला पुढील पांच प्रश्न विचारावे.

१. ही कोणाची? देणाऱ्या अधिकाऱ्याचें पद व कचेरी लिहिलेली आहे काय?
२. ही केव्हांची? तारीख व वेळ आहे काय?
३. ही कोणत्या जागेची? सर्व तालुक्याची, एका महसूल मंडळाची, कीं एकाच गांवाची?
४. आपण काय करावयाचें?
५. केव्हांपर्यंत, व अडचण आल्यास कोणाकडे जावयाचें?

“पूल बंद आहे” ही सूचना नव्हे, ती ओरड आहे. कोणत्या नाल्यावरचा पूल, कोणत्या दिवशीं सकाळीं किती वाजल्यापासून बंद, दवाखान्यास जाणाऱ्यानें कोणता रस्ता धरावा, व फेरपाहणी केव्हां होणार, इतकें लिहिलें म्हणजे ती सूचना झाली. ज्या फलकावर तारीख नाहीं तो फलक दुसऱ्या दिवसापासून खोटें बोलूं लागतो.

पिण्याच्या पाण्याविषयींही असेंच. “पाणी शुद्ध करून प्यावें” एवढ्यानें काम होत नाहीं. पुराचें पाणी विहिरींत शिरलें असल्यास प्रथम गढूळ पाणी उपसून टाकावें, आणि मग ब्लीचिंग पावडर घालावी. साधारण स्वच्छ पाण्यास दर १,००० लिटरला चांगली ताजी पावडर २.५ ग्रॅम, हें नेहमींचें प्रमाण आहे. गोल विहिरीचा व्यास ३ मीटर व पाण्याची खोली ४ मीटर असेल, तर पाणी सुमारे २८,००० लिटर भरतें, व पावडर सुमारे ७० ग्रॅम लागते. ती बादलींत कालवून, चुना खालीं बसूं देऊन, वरचें पाणी विहिरींत सोडावें व निदान अर्धा तास थांबावें. पाणी गढूळ असेल तर हें प्रमाण पुरत नाहीं. तोंवर उकळलेलें वा टँकरचेंच पाणी प्यावें. पावडर केव्हां घातली, हें विहिरीजवळ पाटीवर लिहिणें ग्रामपंचायतीस अवघड नाहीं; व तें लिहिलें नसल्यास विचारणें गांवकऱ्यांस लाजिरवाणें नाहीं.

पंचनाम्याचे दिवस

पूर ओसरल्यावर सर्वांत महत्त्वाचें वर्तमान पंचनाम्याचें. २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस मंडळांत झाला कीं अतिवृष्टि मानतात. परंतु पर्जन्यमापक मंडळाचा, व मंडळांत गांवें अनेक. मापकाशीं पाऊस थोडा व आपल्या शिवारांत पूर, असें घडूं शकतें. वरून आलेल्या नाल्याच्या पुरानें पीक बुडालें असेल तर तें नुकसान पुराचें म्हणून सांगावें. “आमच्या मंडळांत आंकडा भरला नाहीं” एवढें ऐकून घरीं बसूं नये.

पंचनाम्यास तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक हे मिळून येतात. पीक ३३ टक्के वा अधिक गेलें असल्यास तें मदतीस पात्र ठरतें. येथें एक घातक समजूत आढळते. पाणी काढलें तर पुरावा जाईल, या भीतीनें कित्येक कास्तकार वावरांत पाणी तसेंच तुंबूं देतात. असें करूं नये. तारीख, वेळ व जागा उमटेल अशीं छायाचित्रें चारी धुऱ्यांवरून घ्यावींत, शेजाऱ्यास साक्ष ठेवावें, तलाठ्यास लेखी कळवून त्याची पोंच घ्यावी, आणि लगेच चर काढून पाणी वाहतें करावें. पुरावा कागदांत राहतो. पीक मात्र पाण्यांत राहत नाहीं.

जनावर वाहून गेलें वा मेलें असल्यास पुरण्यापूर्वीं पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास दाखवावें. खरडून गेलेली जमीन व गाळ साचलेली जमीन हीं नुकसानें पिकाच्या नुकसानाहून निराळीं आहेत. पंचनाम्यांत तीं निराळीं लिहिलीं आहेत कीं नाहींत, हें सही करण्यापूर्वीं वाचून पाहावें. ज्यास वाचतां येत नाहीं त्यानें वाचून घेतल्यावांचून अंगठा देऊं नये. तसेंच ई-पीक पाहणींत जें पीक नोंदलें असेल त्यावरच पुढचा हिशेब चालतो. सातबाऱ्यावर गतवर्षींची तूर व वावरांत यंदाचें सोयाबीन, अशी तफावत पुराच्या दिवशीं सुधारतां येत नाहीं. ती पेरणीनंतर लगेच सुधारावी.

तारखेचें महत्त्व

मदतीच्या दराविषयीं गांवांत जितके तोंड तितके आंकडे ऐकूं येतात, व गंमत अशी कीं त्यांतील बरेच आंकडे कोणत्या तरी दिवशीं खरे होते. १ जानेवारी २०२४ च्या शासन निर्णयानें जिरायत पिकास हेक्टरी १३,६०० रुपये, ३ हेक्टरांपर्यंत, असा दर होता. मे २०२५ मधील निर्णयानें तो पुन्हा केंद्राच्या निकषावर आला. म्हणजे जिरायतीस ८,५००, बागायतीस १७,००० व बहुवार्षिक पिकास २२,५०० रुपये हेक्टरी, मर्यादा २ हेक्टर. पुढें ऑक्टोबर २०२५ मध्यें अतिवृष्टीनंतर मर्यादा ३ हेक्टर करून बियाणें वगैरेंसाठीं हेक्टरी १०,००० रुपये अधिक जाहीर झाले. याप्रमाणें दोन वर्षांच्या आंत तीन हिशेब झाले.

समजा, एका कास्तकाराचें २ हेक्टर, म्हणजे पांच एकरांस किंचित् कमी, जिरायत सोयाबीन गेलें. पहिल्या हिशेबानें त्याचे २७,२०० रुपये होतात, दुसऱ्यानें १७,००० व तिसऱ्यानें ३७,०००. जुना कागद नवा म्हणून फिरला तर कोणी फुकाची आशा धरून बसतो, व कोणी आपला हक्क कमी समजून गप्प राहतो. यास्तव दर ऐकतांच विचारावें: हा कोणत्या तारखेचा शासन निर्णय, व कोणत्या महिन्याच्या नुकसानीस लागू?

पीक विम्याचेंही तसेंच. खरीप २०२३ व २०२४ मध्यें एका रुपयांत विमा होता, व शेतांत पाणी शिरल्यास ७२ तासांच्या आंत कळवावें लागे. खरीप २०२५ मध्यें महाराष्ट्रांत ती रीत बदलून पीक कापणी प्रयोगांवर भरपाई ठरविण्यांत आली. म्हणून विम्याचे नियम दर हंगामास नव्यानें विचारावे, व विमा आणि सरकारी मदत या दोन निराळ्या वाटा आहेत, हें ध्यानांत ठेवावें.

यादी लागल्यावर

मदतीच्या याद्या विशिष्ट क्रमांकासह लागतात. ज्याचें नांव आलें त्यास तो क्रमांक घेऊन आपले सरकार सेवा केंद्रांत आधारची ओळख पटवावी लागूं शकते; ती लागत असल्यास तोंवर रक्कम खात्यांत येत नाहीं. पुराहून अधिक माणसें या टप्प्यावर अडतात. एका घरीं म्हातारी विधवा. मुलगा पुण्यास कामाला. दुसऱ्या घरीं जमीन चार भावांच्या सामाईक खात्याची, व संमतिपत्र कोणी लिहावयाचें यावरून अबोला. तिसरा मक्त्यानें वा बटाईनें वाहणारा. खर्च त्याचा, बुडालें त्याचें, परंतु मदत जाते सातबाऱ्यावरील खातेदाराच्या नांवें. या शेवटच्यानें मक्ता ठरवितांनाच पुराच्या मदतीचा वांटा लेखी ठरवून घ्यावा. मागाहून भांडून मैत्री व पैसा दोन्ही जातात. यादींत नांव नसल्यास तोंडी तक्रार करूं नये. गट क्रमांक, क्षेत्र व पंचनाम्याची तारीख लिहून तहसील कचेरींत अर्ज द्यावा व पोंच जपावी.

मंडळीचें काम

आमची सूचना अगदीं साधी आहे. प्रत्येक गांवीं कास्तकार मंडळीनें पावसाळ्यापूर्वीं दोन तरुण व एक लिहितीवाचती बाई यांस वर्तमानाचें काम नेमून द्यावें. रोज सायंकाळीं ठरल्या वेळीं त्यांनीं तहसील कचेरीची खात्रीची बातमी घ्यावी, फलकावर तारखेसह लिहावी, कालची पुसावी, व चावडीवर मोठ्यानें वाचावी. मजुरांच्या वस्तींत व एकट्या म्हाताऱ्यांच्या घरीं जाऊन ती सांगावी. दवंडी हा कांहीं टाकाऊ रिवाज नव्हे. वीज गेली व भ्रमणध्वनि बंद पडला म्हणजे तोच कामास येतो. धरण फुटलें, पूल वाहिला, अशा आवया खात्रीवांचून पुढें पाठवूं नयेत. खोटा इशारा पसरवून घबराट उडविणाऱ्यास वरील कायद्याच्या ५४ व्या कलमान्वयें एक वर्षापर्यंत कैद वा दंड होऊं शकतो. खोटा दावा करून मदत लाटणें हाही त्याच कायद्यानें गुन्हा आहे, व ती लूट शेवटीं शेजाऱ्याच्याच वांट्यांतून होते.

याच तालुक्यांतील पापळ या गांवीं जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख पुढें देशाचे कृषिमंत्री झाले, व १९५५ मध्यें त्यांनीं भारत कृषक समाज स्थापन केला. कास्तकार एकेकटा कचेरींत गेला तर त्याचा आवाज ऐकूं येत नाहीं. मंडळीनें गेला तर येतो, हेंच त्या कार्याचें मर्म. पुराच्या वर्तमानासही तें लागू आहे. अधिकाऱ्यांनीं पूर्ण व तारखेची सूचना द्यावी, हा आपला हक्क; ती शेवटच्या घरापर्यंत नेणें, हें आपलें कर्तव्य. पाऊस आपल्या हातीं नाहीं. फलक, खडू व कागदाची पोंच हीं मात्र आपल्या हातचीं आहेत. तीं पुढच्या मृगापूर्वींच जमवून ठेवावींत, इतकें सांगून आम्ही हा लेख पुरा करितों.