एकास एक संवाद : जगाचे वादाचे प्रश्न आणि आपला विद्यार्थी



वक्तृत्व स्पर्धा आपल्याकडे गावोगावी होतात. जयंतीच्या निमित्ताने होतात, शाळा-महाविद्यालयांतही होतात. 'जागतिक शांतता', 'वंशभेद', 'दहशतवाद', 'पर्यावरण' असे विषय दिले जातात. विद्यार्थी तयारी करून येतो, नेमून दिलेली मिनिटे बोलतो, घंटा वाजते, टाळ्या पडतात आणि तो खाली उतरतो. ही प्रथा चांगलीच आहे. तिने आपल्या अनेक पिढ्यांना चारचौघांत उभे राहून बोलायला शिकवले. परंतु तिच्यात एक उणीव आहे. ज्या लोकांविषयी आपण बोलतो त्यांपैकी कोणीही समोर बसलेला नसतो. त्यामुळे 'हे असे नाही' असे म्हणणारा कोणी नसतो.

इंटरनेटमुळे ही उणीव भरून काढणे आता शक्य झाले आहे. एका देशातील एक विद्यार्थी दुसऱ्या देशातील एका विद्यार्थ्याशी ठरलेल्या वेळी, शिक्षकांच्या देखरेखीखाली, एखाद्या वादाच्या जागतिक प्रश्नावर बोलू शकतो. यालाच आम्ही 'एकास एक संवाद' म्हणतो. हा संवाद कसा करावा, त्यापासून काय मिळते आणि त्याची मर्यादा कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. परितेवाडीचे उदाहरण

हा प्रयोग करण्यासाठी महानगरातील मोठी शाळाच लागते असे नाही. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात परितेवाडी हे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद प्राथमिक शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा जागतिक पुरस्कार जाहीर झाला. पुरस्काराची रक्कम दहा लाख डॉलर होती. तिचा निम्मा भाग त्यांनी अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिला. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडमुळे त्यांचे नाव सर्वत्र झाले. पण त्यांच्या दुसऱ्या एका उपक्रमाकडे आपले लक्ष कमी गेले. त्याचे नाव 'लेट्स क्रॉस द बॉर्डर्स', म्हणजे 'चला, सीमा ओलांडू या'.

ज्या देशांत वैर आहे किंवा होते अशा देशांतील मुलांना या उपक्रमात जोडण्यात आले. भारत व पाकिस्तान, इस्राएल व पॅलेस्टाईन, इराक व इराण, अमेरिका व उत्तर कोरिया अशा त्या जोड्या होत. सहा आठवड्यांच्या या कार्यक्रमात प्रत्येक मुलाला पलीकडचा एक 'शांतिमित्र' मिळे. दोघांनी मिळून सादरीकरण तयार करावयाचे, पाहुण्यांची व्याख्याने ऐकावयाची आणि आपल्यात सारखे काय आहे ते शोधावयाचे, अशी त्याची रचना होती. पुरस्काराच्या वेळी देण्यात आलेल्या परिचयात आठ देशांतील सुमारे १९,००० विद्यार्थी यात सहभागी झाल्याचे नमूद आहे.

२. ही रीत आपल्याला नवी नाही

साधन नवे असले तरी रीत जुनी आहे. दोन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथाचे. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा हा संवाद आहे. मिलिंदाची राजधानी सागल म्हणजे आजच्या पाकिस्तानातील सियालकोट, असे मानले जाते. संवाद सुरू करण्यापूर्वी नागसेनाने एक अट घातली. राजा विद्वानांच्या रीतीने बोलणार असेल तरच आपण बोलू, राजांच्या रीतीने बोलणार असेल तर बोलणार नाही. विद्वान एकमेकांचे म्हणणे खोडतात, चूक दाखवली तर ती मान्य करतात आणि रागावत नाहीत. राजे मात्र आपले म्हणणे न मानणाऱ्याला शिक्षा करतात. मिलिंदाने अट मान्य केली व मगच प्रश्नोत्तरे सुरू झाली. विषयाआधी संवादाचे नियम ठरले, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी.

दुसरे उदाहरण १९४६ सालचे आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाचा आपण अभ्यास केला आहे, त्यांची स्थिती आणि भारतातील अस्पृश्यांची स्थिती यांत पुष्कळ साम्य आहे, असे त्यांनी कळवले. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती त्यांनी मागितल्या. ३१ जुलै १९४६ रोजी ड्युबॉइस यांनी उत्तर दिले व निवेदनाची प्रत पाठवली. या पत्रात नुसते दुःख सांगितलेले नाही. बाबासाहेबांनी स्वतः अभ्यास केला, साम्य दाखवले आणि नेमकी वस्तू मागितली. दूरच्या माणसाशी जागतिक प्रश्नावर कसे बोलावे याचा हा धडाच होय.

३. एकासमोर एकच का ?

गटात बोलताना आपण आपल्या गटासाठी बोलतो. आपल्या बाजूचे लोक ऐकत असतात. माघार घेतली तर ते काय म्हणतील, ही धास्ती असते. म्हणून आवाज चढतो आणि शब्द कठोर होतात. एकासमोर एकच असला की प्रेक्षक नसतात. 'मला हे ठाऊक नव्हते' असे म्हणणे त्यामुळे सोपे जाते.

दुसरे कारण असे की 'ते लोक' ही कल्पना एका माणसापुढे टिकत नाही. लाहोरचा मुलगा म्हणजे पाकिस्तान नव्हे. त्याला गणित अवघड जाते, त्याच्या आईला त्याची काळजी वाटते, त्याच्याकडेही वीज जाते. आपल्या व त्याच्या घड्याळात फक्त अर्ध्या तासाचे अंतर आहे. हे कळल्याने मतभेद मिटत नाहीत. पण मतभेद कोणाशी आहे ते नीट कळते.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. एकास एक संवादात प्रश्न परत येतो. आपण विचारलेला प्रश्न समोरचा आपल्यालाच विचारतो. संवादाची खरी परीक्षा येथेच होते.

४. परत येणारा प्रश्न : पाण्याचे उदाहरण

समजा, नगर जिल्ह्यातील एक विद्यार्थिनी पाकिस्तानातील एका विद्यार्थिनीशी सिंधू नदीच्या पाण्यावर बोलत आहे. १९६० च्या सिंधू जल कराराने रावी, बियास व सतलज या पूर्वेकडील नद्यांचे पाणी भारताकडे आणि सिंधू, झेलम व चिनाब या पश्चिमेकडील नद्यांचे पाणी मुख्यतः पाकिस्तानकडे आले. जागतिक बँकेने त्यात मध्यस्थी केली होती. पहलगाम येथील हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने हा करार स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. आपली विद्यार्थिनी हल्ल्यात मेलेल्यांविषयी बोलेल. पलीकडची आपल्या शेतीच्या पाण्याविषयी बोलेल. दोघींचेही म्हणणे ऐकण्यासारखे आहे.

मग पलीकडची विचारील, "तुमच्याकडे वरचे लोक खालच्यांना पाणी सोडतात का ?" आता आपल्या विद्यार्थिनीला मुळा, भंडारदरा आणि जायकवाडी यांविषयी सांगावे लागेल. गोदावरीच्या खोऱ्यात नगर व नाशिक जिल्हे वर आहेत आणि पैठणचे जायकवाडी धरण खाली. १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असे सूत्र महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने ठरले. पाणी सोडण्यावरून वर आंदोलने झाली, न सोडण्यावरून खालीही झाली. सिंधूच्या बाबतीत झेलम-चिनाबच्या वरच्या बाजूला आपला देश आहे, गोदावरीच्या बाबतीत आपला जिल्हा. दोन्हीकडे एकच मोजमाप लावण्याची आपली तयारी आहे का, हे विद्यार्थिनीला स्वतःला विचारावे लागेल.

प्रश्न येथेही थांबणार नाही. "आणि तुमच्या गावात पाणी सर्वांना सारखे मिळत होते का ?" मग २० मार्च १९२७ चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह सांगावा लागेल, आणि त्या तळ्याचा न्यायालयीन निकाल लागण्यास १९३७ साल उजाडले, हेही सांगावे लागेल. ज्याने जगाचा प्रश्न प्रामाणिकपणे हाती घेतला, तो अशा रीतीने आपल्या गावच्या पाणवठ्यापर्यंत येऊन पोहोचतो. जागतिक संवादाचे खरे फळ हेच, असे आमचे मत आहे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात (१९५७) रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेल्या तंट्याची हकिगत आहे. शाक्य संघात युद्धाचा ठराव आला तेव्हा सिद्धार्थाने त्यास विरोध केला. आपले दोन, कोलियांचे दोन आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी तंटा मिटवावा, ही त्याची सूचना होती. बहुमत युद्धाच्या बाजूने गेले. सूचना फेटाळली गेली म्हणून ती चुकीची ठरत नाही. पण बोलण्याची तयारी दाखवणाऱ्याला आपल्याच माणसांत एकटे पडावे लागते, हे विद्यार्थ्यांनी आधीच जाणून असावे.

५. पूर्वतयारी आणि नियम

(अ) संवादापूर्वी विषयाची किमान पाच तथ्ये सनावळीसह वहीत लिहावीत. त्यांपैकी दोन तरी आपल्या बाजूला अडचणीची असावीत.

(आ) समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगून 'तुझे म्हणणे असेच आहे ना ?' असे विचारावे. त्याने होकार दिल्यावरच उत्तर द्यावे.

(इ) 'तुम्ही लोक' हे शब्द वर्ज्य समजावेत. एका विद्यार्थ्याला त्याच्या सरकारचा जाब विचारू नये.

(ई) इंग्रजी कच्चे असेल तर लाजू नये. लहान वाक्ये करावीत, वाक्ये आधी लिहून घ्यावीत. समोरच्याचीही ती बहुधा मातृभाषा नसते.

(उ) अठरा वर्षांखालील मुलांचा संवाद शाळेतून व शिक्षकांच्या उपस्थितीतच व्हावा. घरचा पत्ता, फोन नंबर, छायाचित्रे देऊ नयेत. अनुमतीशिवाय संवाद ध्वनिमुद्रित करू नये आणि त्याचा तुकडा तोडून कोणाला पाठवू नये.

(ऊ) संवाद संपल्यावर दोन ओळी लिहाव्यात : मला नवे काय कळले ? माझे कोणते मत कायम राहिले आणि का ?

६. संवादाची मर्यादा

संवाद म्हणजे तडजोड नव्हे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला 'दुसरी बाजूही समजून घे' असे सांगून गप्प बसवणे हा संवादाचा दुरुपयोग होय. चवदार तळ्याचा हक्क केवळ गोड बोलून मिळाला नाही. त्यासाठी सत्याग्रह करावा लागला, न्यायालयात जावे लागले. पाणी कोणाला किती, यावर दोन मते असू शकतात. माणसाला पाणवठ्यावर येऊ द्यावे की नाही, यावर दोन मते असू शकत नाहीत. कोणता प्रश्न पहिल्या प्रकारचा आणि कोणता दुसऱ्या, हे ओळखण्याची बुद्धी विद्यार्थ्याला असली पाहिजे.

दूरच्याशी बोलणे पुष्कळदा सोपे असते, जवळच्याशी अवघड. २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. २०१६ मध्ये शेजारच्याच कर्जत तालुक्यात कोपर्डी येथे एका मुलीवर अत्याचार करून तिची हत्या करण्यात आली. एका गावाचे नाव निघाले की काही जण गप्प होतात, दुसऱ्याचे निघाले की दुसरे काही. दोन्ही मुले आपल्याच जिल्ह्याची होती. दोघांसाठी सारखेच दुःख मानणारे आणि सारखाच न्याय मागणारे दोन विद्यार्थी, एक या वस्तीतला व एक त्या वस्तीतला, समोरासमोर बसून बोलू शकले, तर परदेशातील शांतिमित्राशी केलेला सराव कामी आला असे म्हणता येईल.

म्हणून आमची सूचना अशी की संस्थेच्या अभ्यासिकांनी व वसतिगृहांनी वर्षातून एक विषय निवडावा. आधी त्याचा अभ्यास व्हावा, मग शक्य तेथे परदेशातील किंवा परप्रांतातील विद्यार्थ्याशी एकास एक संवाद व्हावा, आणि शेवटी त्याच विषयावर शेजारच्या गावातील, वेगळ्या समाजातील विद्यार्थ्याशी. हा तिसरा टप्पा कोणीही वगळू नये.

अभ्यासासाठी प्रश्न

१. वक्तृत्व स्पर्धा आणि एकास एक संवाद यांतील फरक स्पष्ट करा.
२. नागसेनाने मिलिंदाला घातलेली अट आजच्या संवादाला कशी लागू पडते ?
३. बाबासाहेबांच्या १९४६ च्या पत्रातून संवादाविषयी कोणते तीन धडे मिळतात ?
४. सिंधू, गोदावरी आणि आपले गाव या तिन्ही ठिकाणी पाणीवाटपाचे एकच मोजमाप लावता येईल का ? सकारण लिहा.
५. ज्यावर दोन मते असू शकतात असा एक प्रश्न आणि ज्यावर असू शकत नाहीत असा एक प्रश्न सांगा.